स्कॅट ६: बेरजेपेक्षा ओळी वाचा

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवते, आणि मुलींचा फुटबॉल संघ माझ्याकडे आहे. ज्या वस्तूचा अभिप्राय लिहितेय ती कुठल्या दुकानात मिळत नाही. स्कॅट ६ म्हणजे डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला तपासायचा फॉर्म. खेळातल्या कन्कशनवर, म्हणजे मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथल्या चर्चेतून तयार झालेला हा फॉर्म जून २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आला. फुकट उतरवून घेता येतो, खर्च काय तो झेरॉक्सवाल्याचा.

फॉर्म एकटा नाही, त्याला भावंडं आहेत, आणि घोळ तिथेच होतो. सीआरटी ६ हा मैदानावर कुणीही वापरावा असा छोटा कागद आहे: शिक्षक, पालक, रेफ्री, कुणीही. स्कॅट ६ हा १३ वर्षं आणि त्यापुढच्या खेळाडूंसाठी, आणि तो भरायचा डॉक्टरने किंवा शिकलेल्या वैद्यकीय माणसाने. ८ ते १२ वयाला चाइल्ड स्कॅट ६ आहे. मार बसल्यापासून ७२ तासांत स्कॅटचा उपयोग सर्वांत जास्त, फार तर आठवडाभर. त्यानंतर दवाखान्यात निवांत बसून करायच्या तपासणीसाठी स्कोट ६ नावाचा वेगळा फॉर्म आहे. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हे सगळे एकाच गठ्ठ्यात टाकले आणि ‘प्रत्येक पीटी टीचरने भरावे’ असा मजकूर जोडला. तसं करू नका. स्कॅट भरून ‘कन्कशन नाही, जा खेळ’ म्हणायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. फॉर्मवरही तसंच लिहिलंय: आकडे चांगले आले म्हणून कन्कशन नाही असं होत नाही.

माझ्या कामाचा सीआरटी. त्यात आधी धोक्याच्या खुणा दिल्यात: मान दुखणं, फिट येणं, पुन्हा पुन्हा उलटी, एकाचं दोन दिसणं, हातापायांतली ताकद जाणं किंवा मुंग्या येणं, डोकेदुखी वाढत जाणं, शुद्ध हरपणं, मूल बेचैन किंवा आक्रमक होत जाणं. यातलं एक जरी दिसलं तरी फॉर्म बाजूला ठेवून १०८ ला फोन. मानेला मार लागल्याची शंका असेल तर मुलाला हलवायचं नाही, हेल्मेट असेल तर काढायचंही नाही. हा कागद मी लॅमिनेट करून प्रथमोपचाराच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. आमच्याकडे शाळांच्या स्पर्धा नेमक्या भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये. लाल चिखलात उघडा कागद पहिल्या हाफपर्यंतसुद्धा टिकत नाही.

सीआरटीतले मैदानावर विचारायचे प्रश्न साधे आहेत. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गोल कुणी मारला? मागची मॅच कुणाशी झाली, जिंकलो का? मुलीला नाव, गाव, वार विचारणाऱ्यांनी हे पाठ करावं. नाव-गाव पोरं झोपेतही सांगतात; नुकतंच काय घडलं ते अडखळतं. आमच्या गोलकीपरचं तेच झालं. समोरच्या स्ट्रायकरच्या पायात तिने डाइव्ह मारली आणि गुडघा कानशिलावर बसला. ती लगेच उठली, ‘काय नाही टीचर’ म्हणाली, मैदानाचं नाव सांगितलं, हाफ सांगितला. शेवटचा गोल मात्र तिला आठवेना, आणि तो तिच्याच जाळीत गेला होता. एवढ्यावर तिला बाहेर घेतलं. ती शुद्धीवर होती, चालत होती, म्हणून बाजूचे पालक माझ्यावर तापले. खेळातल्या कन्कशनमध्ये बेशुद्ध पडणारे दहात एखादाच असतात, हे तेव्हा कुणाला सांगत बसणार?

आता खुद्द स्कॅटकडे. त्यात स्मरणशक्ती आहे, लक्ष आहे, तोल आहे, आणि मध्ये २२ लक्षणांचा तक्ता. माझ्या मते फॉर्मची किंमत (फुकट असला तरी) या तक्त्यात आहे. डोकेदुखी, डोक्यात दाब, मान दुखणं, मळमळ, चक्कर, अंधुक दिसणं, तोल जाणं, उजेड आणि आवाज सहन न होणं, सगळं हळू झाल्यासारखं, धुक्यात असल्यासारखं, ‘काहीतरी बरोबर वाटत नाही’, लक्ष न लागणं, न आठवणं, थकवा, गोंधळ, गुंगी, पटकन भावुक होणं, चिडचिड, उदास वाटणं, धास्ती, आणि शेवटी झोप न लागणं. प्रत्येकाला ० ते ६ गुण, जास्तीत जास्त बेरीज १३२. खाली दोन छोटे प्रश्न: शरीराच्या कष्टाने लक्षणं वाढतात का? डोक्याच्या कष्टाने वाढतात का? आणि एक: तू शंभर टक्के ठीक असतेस तेव्हाच्या तुलनेत आज किती टक्के आहेस?

आमच्या भागातल्या बालरोगतज्ज्ञांनी त्या संध्याकाळी फॉर्म भरला, आणि मग एक चांगलं काम केलं. तक्त्याच्या कोऱ्या प्रती आईच्या हातात देऊन म्हणाले, रोज संध्याकाळी त्याच वेळी हिच्याकडून भरून घ्या, पुढच्या तपासणीला घेऊन या. हे झालं नसतं तर हा अभिप्राय मी लिहिला नसता, कारण एका दिवसाचा स्कॅट म्हणजे चालत्या मॅचचा एक फोटो.

पहिल्या संध्याकाळची बेरीज २४ होती. डोकेदुखी ४, दाब ३, चक्कर ३, धुकं ३, मळमळ आणि तोल प्रत्येकी २, बाकी सटरफटर. चिडचिड शून्य, उदासी शून्य. झोपेची ओळ कोरी, कारण मार बसल्यावर ती अजून झोपलीच नव्हती. फॉर्मवरही त्या ओळीपुढे ‘लागू असल्यास’ म्हटलंय. तीनेक दिवसांत मळमळ गेली, चक्कर गेली, डोकं फक्त वाचताना दुखायचं. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. आठवडा होत आला तेव्हा बेरीज होती २१. म्हणजे सुधारणा जवळपास नाहीच? मी प्रती शेजारी शेजारी ठेवून ओळी पाहिल्या. डोकेदुखी १ वर आली होती. चक्कर, मळमळ, तोल, धुकं शून्य. पण थकवा ४, लक्ष न लागणं ४, झोप न लागणं ४, चिडचिड ४, आवाजाचा त्रास ३, आणि उदास वाटण्यात पहिल्यांदा १. बेरीज तेवढीच, आजार मात्र जणू दुसराच.

या फॉर्मबद्दल मला सांगायचंय ते एवढंच. बेरीज मुख्याध्यापकांना सांगायला सोपी, पण ती फसवते. वाचायच्या त्या ओळी.

आईने फोन केला तेव्हा म्हणाली, ‘टीचर, डोकं दुखायचं थांबलं, पण घरात कुणी तोंड उघडायची सोय नाही. काल धाकट्याच्या अंगावर भरल्या ताटावरून उठली.’ घरच्यांनी त्याचा अर्थ लावला होता: वय आहे, संघातून काढली म्हणून रुसलीय, मोबाइल काढून घेतला म्हणून चिडलीय. यातलं काहीच खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या. चौदा वर्षांच्या गोलकीपरला स्पर्धेच्या ऐन मोसमात बाकावर बसवलं तर ती उदास होणारच, आणि त्यातली किती उदासी हादऱ्याची आणि किती बाकाची, ते हा फॉर्म सांगू शकत नाही. पण उशिरा उगवणाऱ्या या लक्षणांचा क्रम नवा नाही. बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळात ११ ते २२ वर्षांच्या २८० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली पेडिऍट्रिक्स या नियतकालिकात आला. सुरुवातीला डोकेदुखी, थकवा, चक्कर आणि विचार मंदावणं सर्वाधिक दिसलं. सुरुवातीला नसून नंतर उगवणाऱ्यांत पुढे होते झोप बिघडणं, वैताग, विसरणं आणि थकवा. आमच्या मुलीच्या कागदांवर मला तेच दिसलं. डॉक्टरांनी ओळी पाहिल्या आणि पहिल्यांदा झोपेकडे वळले: ठरलेल्या वेळी उठणं, दुपारची लांब झोप बंद, संध्याकाळी स्क्रीन नाही.

इथे सीटी स्कॅनबद्दल. एका ठिकाणी (नाव घेत नाही) तिचा स्कॅन झाला होता आणि ‘नॉर्मल आहे, दोन दिवसांनी खेळू दे’ असं तोंडी सांगून पाठवलं होतं. स्कॅन कवटीचं फ्रॅक्चर आणि रक्तस्राव शोधतो, आणि त्यासाठी तो मोलाचा आहे. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूच्या पेशींचं कामकाज. ते त्या फिल्मवर उमटत नाही. तरी पुढचे अनेक दिवस वडील ते पाकीट दाखवून मला म्हणत होते, ‘टीचर, यात काय नाही ना.’

विश्रांतीचं शास्त्र बदललंय, तेही या निमित्ताने कळलं. आजीने खोलीचे पडदे ओढून नातीला निजवून ठेवायचं ठरवलं होतं, आणि पूर्वी डॉक्टरही तेच सांगायचे. ॲमस्टरडॅमचा सल्ला वेगळा आहे: पहिले २४ ते ४८ तास आराम, पण अंथरुणाला खिळून नव्हे, घरातली हालचाल चालू; पहिल्या ४८ तासांत मोबाइल-टीव्ही कमी; आणि मग लवकरात लवकर चालणं. लक्षण शून्य ते दहाच्या मापावर दोन अंकांपेक्षा जास्त वाढलं नाही आणि तासाभरात उतरलं, तर तेवढा व्यायाम चालतो. आजीला हे पटायला वेळ लागला. शेवटी त्या दोघीच सकाळी देवळापर्यंत चालत जाऊ लागल्या आणि वाद मिटला.

कष्टाने लक्षणं वाढतात का, हे तळाचे दोन प्रश्न मी सुरुवातीला भरतीचे समजले असते, पण शाळेत त्यांनीच वाट दाखवली. खेळाआधी शाळा, हा नियम. परत आली ती अर्ध्या दिवसासाठी. वर्गात पहिले दोन तास ठीक जायचे. स्मार्टबोर्ड चालू झाला की डोळे चोळायला लागायची. आणि सर्वांत वाईट ठरला बालरथ, म्हणजे आमची शाळेची बस. आमच्या रस्त्यांवरचे गतिरोधक, चाळीसेक पोरांचा कालवा, ड्रायव्हरचं गाणं. घरी पोचेपर्यंत डोकेदुखी १ ची ३. वडिलांनी स्कूटरवरून सोडायला सुरुवात केली आणि संध्याकाळचा आकडा खाली आला. कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत बालरथ नाही, पण त्या तक्त्याने तो शोधून दिला.

त्यानंतर आली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. तोवर तिची डोकेदुखी गेली होती, झोप सुधारत होती, बेरीज एक आकडी झाली होती. ज्यांच्या घरी घुमट-आरती होते त्यांना पुढचं सांगायला नको. बंद खोली, भिंतीला टेकून बसलेले काका-मामा, घुमट आणि शामेळ ही चर्मवाद्यं, कासाळं म्हणजे झांज, आणि आवाज चढत जाणारी आरती. ही मुलगी लहानपणापासून कासाळं वाजवते. त्या संध्याकाळी दुसऱ्या आरतीला तिने ते भावाच्या हातात दिलं आणि मागच्या पडवीत जाऊन कान दाबून बसली. त्या दिवशीच्या कागदावर आवाजाची ओळ ५, बाकी सगळं शून्य किंवा १. बेरीज सात. नुसती बेरीज पाहणारा कुणीही म्हणाला असता, आता सराव सुरू करा. डॉक्टर म्हणाले, थांबा. बाहेर फटाके चालू असताना आणखी काय म्हणणार.

हे चार आठवड्यांच्या आत मिटलं. बहुतेक मुलांचं तसंच होतं. चार आठवड्यांपलीकडे लक्षणं टिकली तर त्यांना लांबलेली लक्षणं म्हणतात आणि मग मान, डोळे, तोल, मन असं वेगवेगळ्या जाणकारांकडून पाहावं लागतं. कुणाचं लांबेल याचा सर्वांत चांगला अंदाज पहिल्या काही दिवसांतली लक्षणं किती तीव्र होती यावरून येतो, म्हणून त्या पहिल्या प्रती जपून ठेवा.

आता तक्रारी. त्या आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत.

स्मरणशक्तीच्या चाचणीत दहा शब्द वाचून दाखवतात, मूल ते तीनदा परत म्हणतं, आणि किमान पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. शब्द इंग्रजी, आणि त्यात ‘सॅडल’सारखे. आमची मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीला इंग्रजीत जातात. घोड्याचं खोगीर त्यांच्या आयुष्यात शिवाजी महाराजांच्या चित्राबाहेर नाही. एखादीला तो शब्द आठवला नाही तर दोष हादऱ्याचा की शब्दाचा? महिने उलटे म्हणण्याची चाचणी बरी. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत सगळ्यांना जमतं, आणि घड्याळ लावल्यावर कोण चाचरतं ते दिसतं.

तोलाच्या चाचण्या कोरड्या, सपाट जागेवरच्या आहेत. डोळे मिटून, कमरेवर हात ठेवून, एका पायावर २० सेकंद. नंतर तीन मीटरच्या पट्टीवरून टाचेला पायाचं बोट लावत जाऊन परत यायचं. मैदानावर पावसात हे शक्य नाही. डॉक्टरांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात चिकटपट्टी लावून केलं. ज्यांच्याकडे व्हरांडा नाही त्यांनी शाळेचा कॉरिडॉर वापरावा. पूर्ण फॉर्मला किमान दहा ते पंधरा मिनिटं लागतात. घाईत उरकलेला फॉर्म न भरलेलाच बरा.

आणखी एक. निरोगी मुलांचीही बेरीज शून्य येत नाही. युनिट टेस्टच्या आठवड्यात संघातल्या धडधाकट मुलींना गंमत म्हणून तक्ता भरायला दिला, तर थकवा, झोप आणि धास्तीत बहुतेकींचे आकडे होते. म्हणून मोसमाआधीचा प्रत्येकीचा एक कागद असला तर पुढे तुलना करता येते. ॲमस्टरडॅमवाले त्याची सक्ती करत नाहीत, पण जूनमध्ये शाळा सुरू होताना एक तास काढला तर काम होतं. फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी भरून घेऊ नका.

फॉर्मच्या जोडीने काही पालक ऑनलाइन फोमच्या पट्ट्या मागवायला निघाले होते, गोलकीपरच्या डोक्याला बांधायच्या. पैसे वाचवा. अमेरिकेतल्या शाळकरी फुटबॉलपटूंवर झालेल्या मोठ्या चाचणीत अशा टोप्यांनी कन्कशन कमी झालं नाही.

परतीच्या पायऱ्या सहा आहेत आणि प्रत्येकीला किमान २४ तास: रोजची हालचाल, मग चालणं-सायकल, मग एकटीचा सराव, मग धक्काबुक्की नसलेला संघाचा सराव, मग पूर्ण सराव, मग मॅच. डोक्याला चुकून मार बसू शकेल अशा सरावाआधी डॉक्टरांची लेखी परवानगी. गोलकीपरच्या बाबतीत तिसऱ्या पायरीवर मी डाइव्ह बंद ठेवली. फक्त हातात बॉल पकडणं आणि किक. तिला ते अपमानास्पद वाटलं. चौथीवर पोचली तेव्हा तक्त्याच्या सगळ्या ओळी शून्य होत्या, आणि तिथेच मला या फॉर्मची सर्वांत मोठी त्रुटी दिसली: संघात परत जायची घाई असलेल्या पोरीच्या हातात पेन आहे. तिला आता ओळी पाठ झाल्यात. कुठे शून्य टाकलं की टीचर सोडतात, तिला ठाऊक आहे.

चाइल्ड स्कॅटमध्ये यावर उपाय आहे. तिथे मुलाचा तक्ता वेगळा आणि पालकांचा वेगळा. १३ वर्षांच्या पुढच्यांसाठी तो रकाना काढून टाकलाय, जणू तेराव्या वाढदिवसाला मुलं खरं बोलायला लागतात. आता मी झेरॉक्स काढल्यावर प्रत्येक प्रतीच्या उजव्या कडेला पट्टीने एक रेघ मारते आणि वर ‘घरचे’ असं लिहिते. आई किंवा आजी तो रकाना मुलीला न दाखवता भरते. गोलकीपरच्या शेवटच्या कागदावर तिची चिडचिड ० होती आणि आजीची २. डॉक्टरांनी आजीचा आकडा धरला आणि पाचवी पायरी चार दिवस पुढे ढकलली.